हाताने घडवलेल्या दमास्कस सुऱ्या: संग्रह, पारख आणि विक्री

धागा सुरू केला: फोंड्याचा संग्राहक

नमस्कार. माझ्याकडे हाताने घडवलेल्या दमास्कस पोलादाच्या, म्हणजे थरांमुळे पात्यावर लहरींसारखी नक्षी उमटते अशा पोलादाच्या, सत्तावीस सुऱ्या आहेत. चौदा वर्षांत त्या एकेक करून जमल्या. काही थेट लोहारांकडून घेतल्या, काही उदयपूरला जाऊन, तर काही दुसऱ्या संग्राहकांशी अदलाबदल करून. त्यांपैकी अकरा सुऱ्या दिवाळीपर्यंत विकायच्या असे मी ठरवले आहे. आपल्याकडच्या दमट हवेत सत्तावीस पात्यांची निगा एका माणसाने राखणे कठीण जाते, आणि ज्या सुरीने कधी कांदासुद्धा चिरला नाही ती पेटीत पडून राहावी, हे मला दिवसेंदिवस खुपू लागले आहे. प्रत्येक सुरीबरोबर घेणाऱ्याला एक चिठ्ठी द्यावी असा विचार आहे. त्या चिठ्ठीत काय असावे, हे जाणकारांकडून समजून घेण्यासाठी हा धागा.

चिठ्ठीचा आग्रह का, ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका दुकानातून मी साडेसात हजार रुपयांना एक सुरी घेतली. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा तिच्या पात्यावर होत्या. पावतीवर ‘दमास्कस स्टील, हातघडणीचे’ असे स्वच्छ लिहिलेले होते. पाच-सहा वेळा धार लावल्यावर धारेलगतच्या रेघा पुसट झाल्या, तेव्हा मनात शंका आली. पात्याची पाठ, म्हणजे वरची बोथट कड, भिंगाखाली पाहिली, तर तिच्यावर एकही रेघ नव्हती. मग मुठीजवळचा नखाएवढा भाग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. खालचे पोलाद जेवणाच्या ताटासारखे एकसारखे निघाले. खऱ्या पात्यावरची नक्षी घासून गेली तरी आम्लात बुडवल्यावर परत वर येते, कारण ती धातूच्या आरपार असते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळणारे फेरिक क्लोराइड आणले, एका भागाला चार भाग पाणी घातले आणि पाते दहा मिनिटे त्यात धरले. घासलेल्या जागी नुसता राखाडी डाग आला. नक्षी वरवर छापलेली होती. दुकानदाराला पाते दाखवले तेव्हा त्याने ‘दमास्कस म्हणजे हीच नक्षी’ एवढेच उत्तर दिले.

पैसे गेले त्यापेक्षा, त्या पात्याकडे मी दीड वर्ष किती प्रेमाने पाहिले होते याचे दुःख अधिक झाले. माझ्याकडून कोणालाही अशी वस्तू जाऊ नये. घडवणाऱ्याचे नाव व गाव, वापरलेली दोन पोलादे आणि थरांची संख्या, एवढे तर मी लिहीनच. आणखी काय लिहावे?

प्रतिसाद: भात्याजवळचा (डिचोली)

काका, धागा फार आवडला. आमच्या घरी चार पिढ्या लोहारकाम आहे. आजोबा कोयते, खुरपी आणि माडी काढणाऱ्या रेंदेरांसाठी काती घडवत; वडील विळ्या आणि कोयत्यांवर घर चालवत आले; मी आठ वर्षांपूर्वी दमास्कस शिकलो. भाता आता फक्त नावापुरता उरला आहे, त्या जागी ब्लोअर आहे.

थरांची संख्या चिठ्ठीत लिहा, पण तिला गुणवत्तेचे माप मानू नका. मी सात पट्ट्यांची चवड लावतो: चार 1095 च्या आणि तीन 15एन20 च्या (ही पोलादांच्या प्रतींची नावे). पहिल्या पोलादात सुमारे 0.95 टक्के कार्बन असतो आणि आम्लात ते काळे पडते. दुसऱ्यात सुमारे 2 टक्के निकेल असते आणि ते चांदीसारखे उजळ राहते. चवड जोडून, लांब ठोकून, मधोमध कापून एकावर एक ठेवली की सातांचे चौदा होतात, मग अठ्ठावीस, छप्पन, एकशेबारा आणि पाचव्या वेळी दोनशे चोवीस. एकदा हे गणित समजले की आणखी चार घड्या घालून ‘साडेतीन हजार थर’ असे कोणीही सांगू शकेल, परंतु तेवढ्या बारीक थरांची नक्षी नजरेला दिसेनाशी होते.

पात्याचा जीव जोडात असतो. चवड लोण्यासारख्या फिकट पिवळ्या रंगाला येईपर्यंत तापवायची, टाकणखार तिच्यावर वितळून पाण्यासारखा खळखळू लागला की बाहेर काढायची आणि पहिले घाव हलके, झपझप घालायचे, म्हणजे थरांमधला मळ वितळलेल्या टाकणखाराबरोबर बाहेर उडतो. जोड बसला असेल तर ठोका भरीव येतो. न बसलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, आणि तो आवाज ऐकूनही जो लोहार पुढे पाते घडवतो त्याच्या सुरीचा पापुद्रा आज ना उद्या सुटणारच. म्हणून, काका, प्रत्येक पात्याची पाठ आणि टाच, म्हणजे मुठीकडचे टोक, भिंगाखाली तपासा. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती चिठ्ठीत लिहा.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची, म्हणजे पाते तापवून विझवून कडक करण्याची. नक्षी कितीही देखणी असली तरी पाणी चुकले की ती सुरी शोभेची वस्तू होते. मी पाते लोहचुंबक चिकटायचे थांबते त्याच्या थोडे पुढे तापवतो, कोमट तेलात विझवतो आणि मग भट्टीत 200 अंशांवर दोन-दोन तासांचे दोन फेरे देतो, म्हणजे टेम्पर करतो. पाणी कसे दिले हे लोहाराला विचारून लिहा. जो सांगत नाही, त्याच्या सुरीच्या चिठ्ठीत ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहिणेच योग्य.

प्रतिसाद: रांदपी (पणजी)

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे काढली आहेत आणि माझ्याकडे दमास्कसच्या तीन सुऱ्या आहेत, तिन्ही रोजच्या वापरातल्या. संग्राहक मंडळी एक गोष्ट सांगायला विसरतात, ती चिठ्ठीत ठळक अक्षरांत असावी: 1095 आणि 15एन20 यांपैकी एकही पोलाद स्टेनलेस नाही. कैरी चिरून सुरी पाच मिनिटे ओट्यावर राहिली तर पाते निळे-काळे पडते. कोकम, लिंबू, चिंच, विनेगर यांनीही हेच होते. असे काळे पडणे हा दोष नव्हे; हळूहळू साधणारा तो रंग पात्याचे थोडेफार रक्षणच करतो. लाल गंज मात्र वेगळा, तो पोलाद खातो. इसवण मासा कापल्यावर मीठ-पाणी लागलेली सुरी तशीच राहिली तर सकाळी टाचेपाशी लाल ठिपके दिसतात. ज्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलेले नसते तो आठवड्याभरात सुरी परत आणतो आणि लोहाराला दोष देतो.

स्वयंपाकघरासाठी मिळणाऱ्या पुष्कळ जपानी सुऱ्यांत नक्षीचे पोलाद फक्त दोन्ही गालांवर, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंवर, असते. मध्ये व्हीजी-10 सारख्या स्टेनलेस पोलादाचा गाभा असतो आणि धार त्या गाभ्याची असते. त्यात फसवणूक काही नाही. रोजच्या कामाला मी तशीच सुरी सुचवीन. धारेपर्यंत नक्षी येत नाही म्हणून कोणी तिला खोटी ठरवू नये, पण विकताना ‘गाभा वेगळा आहे’ हे सांगितलेच पाहिजे, कारण तिची निगा वेगळी, धार लावण्याची रीत वेगळी आणि किंमतही वेगळी.

प्रतिसाद: धातुवेडा (म्हापसा)

मूळ धाग्यात ‘दमास्कस’ हा शब्द ज्या अर्थाने आला आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विक्रीतला सर्वाधिक गोंधळ याच शब्दाने होतो.

ज्या तलवारींमुळे दमास्कस हे नाव गाजले, त्या थर जोडून घडवलेल्या नव्हत्या. त्यांचे पोलाद बंद मुशीत वितळवून तयार होत असे, आणि ते प्रामुख्याने आपल्या दख्खनात आणि दक्षिणेत होत असे. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याचे एक ख्यातनाम केंद्र. लोखंड, कोळसा आणि झाडपाला मुशीत घालून ती मातीने बंद करायची, दीर्घकाळ तापवायची आणि सावकाश थंड होऊ द्यायची. आत सुमारे दीड टक्का कार्बन असलेला पोलादाचा गड्डा तयार होई. कानडी-तेलुगूतील ‘उक्कू’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वुट्झ’ म्हटले असे मानले जाते. आपल्या भाषेतला ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला, आणि अशा पात्यावरच्या लहरींना ‘जौहर’ म्हणण्याची रीतही तिकडचीच. 1794 मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि तिथून युरोपात त्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. मायकेल फॅरडे यांनीही 1819 मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

त्या पात्यावरची नक्षी कुठून येते, याचा समाधानकारक उलगडा व्हायला पुढे जवळपास दोन शतके गेली. वर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी एकत्र काम करून 1998 मध्ये दाखवले की, खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचे अत्यल्प अंश घडणीच्या वारंवार तापण्या-निवण्यात कार्बाइडचे (लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाचे) कण ओळीने गोळा करतात आणि त्या ओळी म्हणजेच जौहर. शास्त्रज्ञ आणि लोहार एका ऐरणीशी उभे राहिले तेव्हा हे उत्तर सापडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज बाजारात दमास्कस म्हणून मिळते ते बहुधा भात्याजवळच्या मित्राने वर्णिलेले, थर जोडून केलेले पोलाद. तीही कला जुनीच. अमेरिकेत विल्यम मोरन यांनी 1973 मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि आधुनिक सुरीकारांत तिचे पुनरुज्जीवन झाले. म्हणून चिठ्ठीत ‘थर जोडून घडवलेले दमास्कस’ असे पूर्ण लिहावे. ‘हजार वर्षांपूर्वीचे हरवलेले रहस्य’ हे वाक्य अशा सुरीबरोबर कधीही जाऊ नये. कडक आणि मऊ थरांमुळे धारेला सूक्ष्म करवत तयार होते, असेही विक्रेते सांगतात; वास्तविक जोडाच्या तापमानाला कार्बन एका थरातून दुसऱ्या थरात झिरपतो आणि थरांतील कार्बन बराचसा सारखा होतो. निकेल मात्र जागचे फारसे हलत नाही, म्हणून नक्षी टिकते. कापण्याचा गुण पोलादाच्या निवडीचा, पाणी देण्याचा आणि धारेच्या कोनाचा असतो.

प्रतिसाद: फोंड्याचा संग्राहक

आपणा तिघांचे मनापासून आभार. ‘थर जोडून घडवलेले’ हे शब्द मी चिठ्ठीत घालतो. आता आणखी एक अडचण. संग्रहात एक जुनी कट्यार आहे. एका घरातील वाटणीत ती निघाली आणि मी ती विकत घेतली. पात्यावर अतिशय बारीक लहरी आहेत, त्या थरांच्या वाटत नाहीत. ती विकावी का, आणि सुऱ्यांच्या विक्रीला परवाना लागतो का?

प्रतिसाद: मडगावची वकील

कट्यार विकू नका, निदान आत्ता तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन वस्तू व कलानिधी कायदा, 1972 खाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गोव्यात पर्यटकांकडून विचारणा होते, त्यामुळे हे विशेष लक्षात ठेवावे. आधी पुरातत्त्व खात्याकडे तिचे वय तपासून घ्या. शिवाय कट्यार हे शस्त्रच आहे, घरगुती अवजार नव्हे.

सुऱ्यांविषयी: शस्त्र नियम, 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे वेगळ्या वर्गात धरली आहेत, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकाच्या मोठ्या सुरीचे पाते टाचेशी दोन इंचांच्या आसपास भरते, तरीही ती उघडच स्वयंपाकासाठी घडवलेली असते. खंजिराच्या आकाराचे, दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते ‘स्वयंपाकाचे’ म्हणून विकणे मात्र कोणालाही पटणार नाही. आपल्या अकरांत असे काही असेल तर बाजूला काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करा. प्रत्येक सुरीची लांबी, रुंदी व उपयोग चिठ्ठीत लिहा आणि घेणारा सज्ञान असल्याची खात्री करून घ्या.

मुठीही तपासा. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर ती सुरी विक्रीतून काढूनच टाका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्यांचा व्यापार करता येत नाही.

प्रतिसाद: फोंड्याचा संग्राहक

अकरांपैकी दोन आज बाजूला काढल्या: एक दुधारी आहे आणि दुसरीची मूठ सांबरशिंगाची असावी असा संशय आहे. उरलेल्या नऊ सुऱ्यांच्या मुठी शिसवीच्या आणि फणसाच्या आहेत. कट्यार आहे तिथेच राहील.

किमतीविषयी सल्ला हवा आहे. दहा वर्षांपूर्वी चार हजारांना घेतलेल्या सुरीसारखी सुरी त्याच लोहाराकडे आज अकरा हजारांना आहे. मी किती मागावे?

प्रतिसाद: भात्याजवळचा (डिचोली)

साडेसहा इंचांच्या एका सुरीला माझे चार दिवस जातात: एक दिवस चवड आणि घड्या, एक दिवस आकार आणि पाणी, उरलेले दोन घासण्यात, मुठीत आणि आम्लात. पाणी देताना एखादे पाते तडकते, तेव्हा त्याचे श्रम पुढच्या सुरीवर चढतात. नवीन सुरीची किंमत अशी ठरते. वापरलेल्या पण निर्दोष सुरीला तिच्या आजच्या किमतीच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश मागितले तर घेणारा नाराज होणार नाही. घडवणारा हयात नसेल किंवा त्याने काम थांबवले असेल, तर गोष्ट वेगळी.

एक मनातले सांगतो. माझी सुरी दुसऱ्यांदा विकली गेली हे मला एकदाच कळले, तेही घेणाऱ्याने धार लावून मागितली म्हणून. मधल्या माणसाने माझा शिक्का घासून काढला होता आणि सुरी परदेशी म्हणून दुप्पट भावाने विकली होती. पाते हातात घेताच मी ओळखले, कारण टाचेपाशी घड्या वळवण्याची माझी रीत मला पाठ आहे. पैशांचे मी काही म्हणत नाही, पण चार दिवस घाम गाळून केलेल्या कामावर माझे नाव नव्हते. पाकिस्तानातल्या वझिराबादला पुष्कळ दमास्कस बनते, त्यात चांगले कारागीरही आहेत. तिथल्या मालाबाबतही हेच होते, नाव पुसून तो दुसऱ्याच देशाचा म्हणून खपवला जातो. म्हणून म्हणतो, काका, चिठ्ठीत नाव पहिल्या ओळीत लिहा. आणि सुरी विकली गेली की त्या लोहाराला एक फोन करा.

प्रतिसाद: रांदपी (पणजी)

पावसाळ्याचा मुद्दा राहू नये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून दिली तर चामडे ओल धरते आणि कमावणीतले क्षार पात्याला खातात. माझी एक सुरी जूनमध्ये म्यानात गेली ती गणेश चतुर्थीला बाहेर काढली. म्यानाच्या शिवणीची रेघ पात्यावर गंजाच्या टिंबांनी जशीच्या तशी उमटली होती. म्यान दाखवण्यापुरते द्या, ठेवायला नको. पाते कोरडे पुसून त्यावर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हलका हात फिरवावा. खोबरेल चालते, पण रोज वापरल्या जाणाऱ्या सुरीलाच. पेटीत महिनोन्महिने राहिले की ते खवट होते.

आणि आपल्या नऊ सुऱ्यांतली फणसाच्या मुठीची सहा-सात इंची सुरी असेल, तर ती मला हवी आहे.

प्रतिसाद: फोंड्याचा संग्राहक

काल रांदपी घरी येऊन गेले आणि ती सुरी घेऊन गेले. भिंगाखाली तपासताना तिच्या पात्यावर एक रेघ सापडली, जी दहा वर्षांत माझ्या नजरेस पडली नव्हती. मी त्यांना ती दाखवली, घडवणाऱ्या लोहाराला फोन लावून दोघांचे बोलणे करून दिले आणि आठ हजारांऐवजी सहा हजार घेतले. लोहारांनी सांगितले की, रेघ पसरली तर सुरी पाठवून द्या, मी पाहीन. ठरलेली चिठ्ठी खाली देतो. घडवणाऱ्याचे नाव आणि गाव तिच्या पहिल्या ओळीत आहे, इथे तेवढे गाळले आहे.

‘थर जोडून घडवलेले दमास्कस पोलाद, 1095 व 15एन20, दोनशे चोवीस थर, वेगळा गाभा नाही. पाते साडेसहा इंच लांब, टाचेशी पावणेदोन इंच रुंद, स्वयंपाकासाठी. तेलात पाणी दिलेले, 200 अंशांवर दोनदा टेम्पर केलेले, असे घडवणाऱ्याने सांगितले. मूठ फणसाची. शिक्का डाव्या गालावर, तो घासू नये. पोलाद गंजते: वापरल्यावर लगेच धुवून कोरडे करावे, आंबट पदार्थाने काळे पडेल, म्यानात ठेवू नये. उजव्या गालावर टाचेपासून दोन इंचांवर तांदळाच्या दाण्याएवढी जोडाची रेघ आहे. विकणाऱ्याने ती घेणाऱ्याला दाखवली आहे.’